सातवी ओळ

वालावलला खाडीच्या अंगाला, भातखाचरं संपतात तिथं
माझं प्लास्टिकचं घर आहे. पाच गुंठे.
सकाळी दहाच्या आत बाजू गुंडाळून वर घेतल्या नाहीत
तर आत काकडी वेलावरच शिजते.
खारा वारा लोखंड खातो. दर दोन वर्षांनी
कमानींचे बोल्ट बदलते अंकुश धुरीच्या दुकानातून
आणि तो दर वेळी विचारतो, "अजून चालू आसा मा?"

आत आठ ओळी.
वर पिवळ्या चिकट पट्ट्या, बारशाच्या पताकांसारख्या,
फक्त त्यांच्यावरच्या मेलेल्या माश्या मोजायच्या असतात.
दहा असल्या तर आंबट ताक.
पन्नास असल्या तर करंज तेल.
दोनशेचं उत्तर माझ्या वहीत नव्हतं.

त्या भादव्यात दोनशे होत्या.
पानाला हात लावला की पांढरा धूर उठायचा.
दशपर्णीचा वास महिनाभर माझ्या केसांना, आणि माशी तशीच.
चतुर्थी नऊ दिवसांवर.
कुडाळहून बाटली आणली. निळा त्रिकोण.
लाल नव्हे, पिवळाही नव्हे,
असं मी स्वतःला दोनदा सांगितलं.
झाकणभर. एकच ओळ, सातवी,
दारातून दिसत नाही ती.
सोमवारी रात्री, विजेरी दातांत धरून.

सकाळी सातवी ओळ स्वच्छ होती.
इतकी, की कोळ्याचं जाळंसुद्धा रिकामं.
पानाखाली ढालकिडा, पोट वर, पाय दुमडलेले,
ब्लाऊजचं तुटलेलं बटण पडावं तसा.
त्याला मीच बोलावलं होतं,
दाराशी मक्याची चार ताटं लावून.

बुधवारी बाजारात माझ्यापुढे पाटी असते:
फवारणी नाही.
अक्षर भाचीचं, 'फ'चं पोट जरा मोठं.
क्रेटमध्ये आठही ओळींची काकडी एकत्र.
रंग तोच. वजन तेच.
तेवीस किलो.
फेलिक्स मास्तर आले. नेहमीसारखी एक उचलली,
शर्टाला पुसली. मी म्हटलं, थांबा, धुऊन देते.
"धुवचा कित्या? तुजाच आसा."

त्यांच्या तोंडाजवळून मी ती काढून घेतली.

मग सांगावंच लागलं.
हळूच सांगितलं, पण बाजारात हळू असं काही नसतं.
शेजारी भागीरथी खवणेकरीण सुका बांगडा मोजता मोजता थांबली.
मास्तरांनी विचारलं, "कितके दिवस रवाचा लागता?"
बाटलीवर तीन लिहिलंय, मी म्हटलं.
"आनी तू कितके रवतलंस?"
ते रागावले नव्हते. पिशवीची घडी घालून
समोरच्याकडे वाली बघायला गेले.

टेम्पो दीडला होता. तोवर तिथंच बसून राहिले,
क्रेटवर गोणपाट टाकून.
येणारी-जाणारी विचारायची, "काकडे नाय आज?"
चारपाचदा भागीरथीनंच उत्तर दिलं. "नाय."
पुढं काही बोलली नाही.
घरी येऊन माडाच्या मुळापासून लांब खड्डा खणला.

पाटी मी काढली नाही. खाली खडूनं लिहिलं:
मागच्या भादव्यात एकदा. सातवी ओळ.
पावसात पुसतं, पुन्हा लिहिते.
बांदेकर कंपाउंडर येईनासे झाले, आणखीही काही.
काहीजण हातात काकडी घेऊन विचारतात,
"सातवीतली नाय मा?" आणि हसतात.
मीही हसते, बहुतेक वेळा.
मास्तर येतात. आता घरी नेऊन खातात.

सातव्या ओळीत मी काही लावत नाही.
तिथं आपोआप लाल माठ उगवतो, कुठून कोण जाणे.
तो विकत नाही. खोबरं घालून घरीच करते
आणि माझ्याच ताटात वाढते.

काल पट्टीवर एकशे वीस होत्या.
दोनदा मोजल्या.
वहीत आकडा लिहिला, तारीख लिहिली,
आणि ताक ढवळायला घेतलं.